मी कापलेल्या गाड्या

हे लिहायचं मी टाळत आलो. आधी माय होती म्हणून टाळलं, आणि माय गेल्यावर आता कुणाला सांगायचं म्हणून टाळलं. टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो म्हटलं की लोकांना गमती ऐकायच्या असतात. त्या माझ्याजवळ पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या आड ही गोष्ट सहज लपून राहिली. आता सरळ सांगतो. बारा-तेरा वर्षांनी परत आलेल्या माझ्या बापाला मी खामगावातून माघारी पाठवलं, आणि मायला ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. ज्या सिनेमाच्या आधारानं मी हे केलं, तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात आवडता सिनेमा होता.

आमची टॉकीज स्टेशनच्या अंगाला होती. जलंबहून निघणारी छोटी गाडी खामगावला येऊन संपते, पुढं रूळ नाहीत. संध्याकाळच्या खेळाला निम्मी माणसं या गाडीनं येत आणि शेवटच्या फेरीनं परत जात. अडचण अशी होती की सिनेमे लांब असत आणि गाडी कुणासाठी थांबत नसे. ऐन शेवटी माणसं चपला शोधत उठायची, बाकीचे त्यांच्यावर ओरडायचे. शेवटी टॉकीजच्या मालकांनी उपाय काढला.

"गाडी काही लांबवता येत नाई," ते मला म्हणाले, "पन सिनेमा तं आखूड करता येते ना बे?"

तेव्हापासून शुक्रवारी नवा सिनेमा आला की सकाळी रिकाम्या टॉकीजमध्ये मी तो एकटा पाहायचा आणि त्यातली थोडी मिनिटं काढून टाकायची. कापलेले तुकडे पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचे आणि गुरुवारी प्रिंट परत जाण्याआधी जागच्या जागी चिकटवायचे. काय कापायचं ते माझ्यावर होतं. गाण्याला हात लावला तर खुर्च्या मोडल्या असत्या. मारामारी कापली तर पुढच्या बाकांवरच्या लोकांनी मला कापलं असतं. मग उरलं काय? मी गाड्या कापायला लागलो.

जुन्या सिनेमात आगगाड्या फार. कुणी घर सोडलं की गाडी, कुणी मेलं की दूर कुठंतरी शिट्टी. चाकं जोरात फिरायला लागली की वर्षं उलटतात. नवरा-बायको डब्यात एकमेकांकडं पाहून हसले की गाडी बोगद्यात शिरते आणि पुढच्या दृश्यात पाळणा हलतो. मला हे सगळं वेळकाढूपणाचं वाटायचं. खरी गाडी बाहेर उभी असताना पडद्यावरची कशाला पाहायची? मी चाकं कापली, बोगदे कापले, हलणारे रुमाल कापले. त्यामुळे खामगावात सिनेमातली पोरं डोळ्यांदेखत मोठी व्हायची.

"अबे, हे पोरगं आत्ता तं चड्डीत होतं. मिशी कवा आली याले?" अंधारातून कुणीतरी विचारायचं.

"खामगावचं पानी पेलं असन," दुसरा सांगायचा.

सगळी टॉकीज हसायची. वर केबिनमध्ये मीही हसायचो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला माझी नात पुण्याहून आली. ती तिथं सिनेमाचाच अभ्यास करत होती आणि जुन्या सिनेमातल्या आगगाड्यांवर तिला काहीतरी मोठं लिहायचं होतं. आजोबा ऑपरेटर, म्हणून ती माझ्यासमोर मोबाईल ठेवून बसली. शेजारच्या खाटेवर माय होती. नव्वदी ओलांडली होती, गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ते ती आरशाशिवाय बरोबर मधोमध लावायची.

"आबा, जुन्या सिनेमात गाडी म्हणजे नुसती गाडी नसते," नात म्हणाली.

"मंग काय असते, बैलाचं खाचर?"

"ऐका ना. गाडी म्हणजे माणसाच्या हातात नसलेलं काहीतरी. ती वेळेवर येते, वेळेवर जाते, तिला कुणाचं रडणं दिसत नाही. आणि फलाट म्हणजे जिथं माणसाला ठरवायची एवढीशी संधी मिळते, ती जागा."

मी तिला माझी कापाकापी सांगितली. ती आधी हसली, मग तिनं डोळे मोठे केले.

"सगळ्या गाड्या कापल्या? आबा, तुम्ही तर अर्थच कापून टाकलात."

"अर्थ-बिर्थ नाही कापला. लोकांची गाडी चुकू नये म्हणून कापल्या."

"एक डाव नाई कापला यानं," खाटेवरून माय म्हणाली.

आम्ही दोघांनी तिकडं पाहिलं. माय सहसा मधे बोलत नसे.

"एक डाव यानं पुरा सिनेमा दाखवला, वं. माह्यासाठी. मालकाच्या शिव्या खाल्ल्या, जलंबवाल्यायची गाडी चुकवली, पन आपल्या मायले शेवट दाखवला. त्यात ते बाई रोज टेसनावर जाते नवऱ्याची वाट पाहाले. समदे लोक उतरून जातात, धूर उडते, अन् धूर सरला की तो उभा असते. हातात पेटी." तिला आणखी आठवलं. "त्या दिवशी मालकानं केळी बी देल्ली होती. काय गोड केळी होती, बाबू, नाई?"

बाबू म्हणजे मी.

नातीनं माझ्याकडं वळून विचारलं, "खरंच, आबा? मोठ्या मायसाठी?" तिच्या डोळ्यांत एकदम माया आली होती. त्या संध्याकाळची आठवण मायला असेल हे मला माहीत होतं, पण ती तिनं अशी सांभाळली असेल, माझ्या नावावर, माझा चांगुलपणा म्हणून, हे मला ठाऊक नव्हतं. पन्नासेक वर्षं ही बाई माझ्या गुन्ह्याला माझं प्रेम समजत होती. मी उठलो आणि नळाखाली तोंड धरलं. नातीला वाटलं, आजोबांना भरून आलं.

ती संध्याकाळ अशी होती.

बाप गेला तेव्हा मी शाळेत होतो. भुसावळला काम पाहतो, बस्तान बसलं की बोलावतो, असं सांगून तो गेला. मी आणि माय त्याला सोडायला स्टेशनवर गेलो होतो. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता, आणि गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आधीच तो आत गेला, हे मी पाहिलं होतं. त्यानंतर काही नाही. कुणी म्हणालं, तिकडं दुसरं घर केलं. माय जिनिंगमध्ये कामाला जायला लागली. बायका तिथं कापसातला कचरा वेचत बसायच्या, उडालेला कापूस केसांत, भुवयांत, छातीत जायचा. रात्री ती खोकायची आणि मी भिंतीकडं तोंड करून मनातल्या मनात बापाशी भांडायचो. मी ऑपरेटर झालो तोवर मायचीही आशा विझत आली होती. अमडापूरला तिचा भाऊ होता, शेतीवाडी होती. "बाई, आता किती दिवस कापूस खाशीन? चाल आपल्या घरी," असं मामा दर भेटीत म्हणायचा. त्या वर्षी तिनं हो म्हटलं होतं. सणानंतर जायचं ठरलं होतं.

तेव्हा टॉकीजला एक जुना, काळा-पांढरा सिनेमा पुन्हा लागला होता. नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचा. शेवटची गाडी मी सवयीनं कापली होती. त्यामुळे आमच्याकडं तो सिनेमा ती बाई स्टेशनच्या वाटेला लागते इथंच संपायचा. लोक डोळे पुसत उठायचे आणि वेळेत गाडी पकडायचे. माय रोज येऊन बसायची, ऑपरेटरच्या मायला तिकीट नव्हतं. खेळ सुटला की जलंबच्या बायकांसोबत ती स्टेशनच्या फाटकापर्यंत चालत जायची, त्यांना गाडीत बसताना पाहायची आणि मग घरी. ही तिची कायमची रीत होती.

मध्यंतर होऊन गेलं होतं. मी मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी बदलत होतो. दारात कुणीतरी उभं राहिल्याचं जाणवलं.

"ऑपरेटर तूच काय?"

"हो."

"मले वळखलं नाई तुवा."

मी ओळखलं होतं. केस पांढरे झाले होते, गालफडं बसली होती, पण मान एका बाजूला कलती ठेवून उभं राहायची तऱ्हा तीच होती. काखेत छत्री, हातात केळ्यांची फणी. मला वाटलं होतं की हा माणूस समोर आला तर मी त्याची गचांडी धरीन. प्रत्यक्षात माझ्या तोंडून "बाबा" एवढंच निघालं, तेही लहान पोरासारखं.

"दुपारच्या फेरीनं आलो," तो म्हणाला. "घरी गेल्तो. तठी दुसरेच लोक राहतात. त्यायनं सांगतलं, पोरगा टॉकीजात आहे म्हणून." मग खाली पाहून म्हणाला, "तुही माय कुठी आहे?"

माय खाली होती. केबिनच्या चौकोनी भोकातून मला ती दिसत होती, बायकांच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेली, पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा कधी दिसत होता, कधी नाही. मी नुसतं बोट दाखवायचं होतं.

"माय गेली," मी म्हणालो.

"कुठी? अमडापूरले?"

त्यानं मला मागं फिरायची वाट करून दिली होती. हो म्हणायचं होतं, अमडापूरला गेली म्हणायचं होतं. तेही खोटंच झालं असतं, पण त्या खोट्यातून कधीतरी परत येता आलं असतं.

"वारली."

आजही मला कळत नाही की हा शब्द माझ्यात कुठं होता. मी तो ठरवून आणला नव्हता. तो बाहेर पडला आणि मी त्याच्याकडं पाहत राहिलो, जसा बाप माझ्याकडं पाहत होता.

रिळं गुंडाळायच्या टेबलाशी एक स्टूल होतं. तो त्यावर बसला.

"कायनं?"

"खोकल्यानं. जिनिंगमधल्या."

एवढं मात्र खरं सांगितल्यासारखं मी सांगितलं. त्याला दुखावं म्हणून. आणि त्याला दुखलं. त्यानं धोतराचा सोगा तोंडावर धरला, पण आवाज केला नाही. तेवढ्यात रीळ संपत आलं म्हणून मला दुसरं मशीन सुरू करावं लागलं. मी वळलो तेव्हा तो तोंड पुसून माझ्या हातांकडं पाहत होता.

"हे एवढं मोठं तू चालवतं?"

"हो."

"बरं केलं," तो म्हणाला. मग भोकाजवळ गेला, वाकून खाली पाहिलं. खाली अंधारात डोकीच डोकी. त्यातलं एक तिचं. त्याला पडदा दिसला असेल, ती दिसली नाही.

"आज थांबू का तुह्याजवळ?" त्यानं विचारलं.

"गाडी चुकन तुमची," मी म्हणालो.

त्यानं छत्री पुन्हा काखेत मारली. मग केळ्यांची फणी टेबलावर ठेवली. "तिच्यासाठी आणले होते. तू खाय." आणि जिना उतरून गेला. तो कुठं राहतो, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

मला त्याच क्षणी धावत जायला हवं होतं. मी धावलो नाही, पण दुसरंच काहीतरी डोक्यात शिरलं. सिनेमा नेहमीसारखा वेळेत संपला तर माय जलंबच्या बायकांसोबत फाटकापर्यंत जाणार. तो तिथंच गाडीत बसलेला असणार. मेलेली बायको त्याला समोर चालत येताना दिसणार.

मी तुकड्यांचा डबा उघडला. एक रीळ मशीनवर फिरत होतं तोवर पुढच्या रिळात मी कापलेले तुकडे चिकटवत गेलो. इतक्या घाईनं तुकडा कधी जोडला नव्हता. चाकं जोडली, फलाट जोडला, आणि शेवटच्या रिळाला ती सगळ्यात लांब गाडी जोडली. गाडी सुटेपर्यंत मायला आत बसवून ठेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या तुकड्यात काय आहे, याचा मी विचारच केला नाही. ज्याला मी दर वेळी वेळकाढूपणा म्हणायचो, तेच मी त्या संध्याकाळी वेळ काढायला वापरत होतो.

ती बाई स्टेशनच्या वाटेला लागली, तिथं लोक उठायला लागले आणि पडदा काही बंद होईना. लोक पुन्हा बसले. पडद्यावर फलाट आला. दुरून धूर दिसला. तेवढ्यात बाहेर खऱ्या गाडीनं शिट्टी दिली. मी ती ओळखली. खाली कुणालाच ती वेगळी वाटली नाही, कारण पडद्यावरही गाडी येत होती. जलंबची माणसं, रोज त्या शिट्टीला चपला शोधणारी, तोंड उघडं टाकून समोर बघत बसली होती. बाहेर गाडी हलल्याचा आवाज आला, डब्यांचे धक्के एकामागून एक ऐकू आले. आत पडद्यावर गाडी थांबली, माणसं उतरली, पांगली, बाई परत फिरली, मग थबकली. धूर सरला. तो पेटी घेऊन उभा होता.

आणि माझा बाप त्याच वेळी जात होता.

खाली माय उभी राहिली होती. सगळे बसलेले असताना ती एकटी, पदर तोंडावर धरून.

दिवे लागल्यावर जलंबवाल्यांच्या लक्षात आलं आणि गोंधळ सुरू झाला. मालक जिना चढून आले. "तुले म्या लोकायची गाडी सांभाळाले ठेवलं, का सिनेमा दाखवाले?" ते खाली गेले आणि माय वर आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, धुऊन काढल्यासारखा.

"पाह्यलं का तू, बाबू? येते ना माणूस."

मग तिची नजर टेबलावर गेली. "हे कोनं आणले?"

"मालकानं."

तिनं तिथंच उभ्यानं एक केळ सोललं आणि खाल्लं. मग दुसरं. मला दिलं, मी घेतलं नाही. उरलेली तिनं गाडी चुकलेल्या बायकांना वाटली, त्यांना आमच्या घरी नेलं, सगळ्यांना भाकरी करून घातल्या. भाकरी थापता थापता ती त्यांना सिनेमाचा शेवट पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

मामा तिला न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "आता मी तिकडं येऊन काय करू? तो इथंच येईन ना."

मामानं माझ्याकडं पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत होतो.

पुढं पुष्कळ वर्षं ती जिनिंगमध्येच राबली. संध्याकाळची गाडी यायच्या वेळी ती स्टेशनवर असायची. माझं लग्न झालं, मुलं झाली, टॉकीज बंद पडली, तिथं आता गोदाम आहे. पाय चालत होते तोवर ती जात राहिली. गावातले लोक तिला पाहून वेळ ओळखायचे आणि चिडवायचे, "काय आत्याबाई, आली का गाडी?" ती म्हणायची, "गाडी तं रोज येते, बापा." एकदा मी कुणाला न सांगता भुसावळला गेलो. तिथल्या फलाटावर उभा राहिलो. माणसांचा लोंढा येत होता, जात होता, आणि कुणाला काय विचारायचं तेच मला सुचेना. परतीच्या गाडीत बसलो. माय स्टेशनवरच होती. मला उतरताना पाहून तिचा चेहरा आधी उजळला, मग मी आहे हे कळलं.

नात आली त्या दिवाळीत मायनं एकच हट्ट धरला. तो सिनेमा पुन्हा पाहायचा. नातीनं दोन दिवस शोधाशोध केली आणि कुठूनतरी तो मिळवला. दुपारी मायला उशीला टेकवून बसवलं, मांडीवर लॅपटॉप ठेवला. सिनेमा खराब झाला होता, चित्रावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. माय नाक लावून पाहत होती. मी पायथ्याशी बसलो होतो.

ती बाई स्टेशनच्या वाटेला लागली आणि चित्र काळं झालं.

नातीनं पुढं-मागं करून पाहिलं. "एवढंच आहे. हीच एक प्रिंट उरली म्हणतात." मग ती स्वतःशीच म्हणाली, "छान आहे की शेवट. ती जाते, पण पुढचं दाखवतच नाहीत."

"नाई, नाई," माय म्हणाली. "पुढं आहे. तो येते."

"मोठी माय, सिनेमा संपला. कुठंच तसं लिहिलेलं नाही. तुला दुसऱ्या सिनेमातलं आठवत असेल."

मला सगळं समजलं. कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी शेवटच्या गाडीसाठी माझ्यासारख्याच एका ऑपरेटरनं तो तुकडा कापला असेल आणि परत जोडला नसेल. आता त्या नवऱ्याला परत आलेलं पाहिलेली माणसं या घरात दोनच होती.

माय माझ्याकडं वळली. तिची बुबुळं निळसर झाली होती.

"बाबू, तू सांग तिले. येते का नाई तो?"

नात माझ्याकडं पाहत होती. माय माझ्याकडं पाहत होती. नातीनं सांगितलेली ती एवढीशी जागा माझ्यासमोर होती, ठरवायची. 'आला होता,' एवढंच मला म्हणायचं होतं.

"येते," मी म्हणालो.

"पाह्य," माय नातीला म्हणाली, आणि उशीवर टेकली.

त्यानंतर मी रोज ठरवायचो. सकाळी तिचं तोंड पुसताना, दुपारी भात कुस्करून भरवताना. शब्दही जुळवून ठेवले होते. कधी सून आत यायची, कधी ती झोपलेली असायची, आणि बहुतेक वेळा असं काहीच नसायचं, फक्त मी बोलत नसे. थंडी संपता संपता एका दुपारी मी पाणी पाजायला गेलो तर पाणी ओठांवरून खाली आलं.

गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांच्यातली वयानं मोठी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, इचारू नये, पन कसं करायचं? तुमच्या वडलाचं काही कळलं होतं का कधी?" तिला विचारायचं होतं की मायला सवाष्ण म्हणून पाठवायचं की विधवा म्हणून. तिचा प्रश्न बरोबर होता. बाप कुठं मेला, कधी मेला, की अजून कुठं खाटेवर पडला आहे, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते तसं राहावं याची सोय मी केली होती. त्याच्यासाठी ही बाई कधीच मेली होती. तिच्यासाठी तो यायचा राहिला होता.

"हिरवं लुगडं नेसवा," मी म्हणालो.

त्यांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. नात भिंतीला टेकून रडत होती. सगळ्या बायका बाजूला झाल्यावर मला पाया पडायला पुढं बोलावलं. मी वाकलो, तिच्या कानाशी तोंड नेलं. आजूबाजूला माणसं होती. मी पाय शिवून उठलो. जे जुळवून ठेवलं होतं, ते असं होतं:

माय, म्या त्या दिवशी सिनेमा तुह्यासाठी पुरा नव्हता दाखवला. बाबा आल्ते. केळी त्यायनंच आणली होती, तुह्यासाठी. म्या त्यायले सांगतलं का तू वारली, अन् त्यायची गाडी सुटेपर्यंत तुले अंधारात बसवून ठेवलं. तू वाट पाह्यली ते चुकलं नाई, माय. चुकलो मी. मले माफ कर. तो आल्ता.